शेर्मादिनकाका आणि न सुटणारा पट्टा

आमचा शेर्मादिनकाका कुताईसीच्या बाजारापासून आसपासच्या गावांना टॅक्सी चालवतो. शेजारी बसलेल्या बाईने सीटच्या पट्ट्याला हात घातला रे घातला, की तो गाडी कडेला घेतो, हँडब्रेक ओढतो आणि अगदी मऊ आवाजात विचारतो, "ताई, माझं काही चुकलं का?"

"नाही हो, कायदा आहे ना आता."

"कायदा असू दे. पण माझ्या शेजारी पट्टा लावायचा म्हणजे तोंडावर सांगायचं, की बाबा रे, तू मला मारणार."

बाई ओशाळून पट्टा सोडते. पुढे पोलीस दिसला की काका स्वतःचा पट्टा हाताने छातीवर ओढून धरतो, चेहरा चर्चमधल्या संतासारखा करतो, आणि पोलीस मागे पडला की सोडून देतो. गाडीने टुंग टुंग करू नये म्हणून भंगारातल्या पट्ट्याचं लोखंडी पातं त्याच्या खिशात असायचं. ते बकलात खुपसलं की गाडी गप्प. "तिला वाटतं मी बांधलेला आहे," तो म्हणायचा. "बाकी मला बांधणारा अजून जन्मायचाय."

हे मात्र खोटं. आमचे वडील ओमार वारले तेव्हा काकाला बातुमीहून जहाजावर नोकरी मिळाली होती, बॅगसुद्धा भरून झाली होती. माझी बहीण तेक्ला तेव्हा नऊ वर्षांची, मी चार. ती बॅग अजून आमच्या कपाटावर आहे. त्यात आता कांदे असतात.

तेक्लाने लग्न ठरवलं तेही झ्वियादशी. म्हणजे वाहतूक पोलिसाशी! काकाने कपाळावर हात मारला आणि एकच अट घातली. "जेवणाच्या टेबलावर तमादा मी. ओमारच्या नावाचा पेला मीच उचलणार. दुसऱ्या कुणी नाही." वाईनच्या प्रत्येक पेल्याआधी कुणाच्या तरी नावाने चार शब्द बोलून सगळं टेबल हाकायचं ते तमादाने. सासरच्यांकडे त्यांचा रेझो तयारच होता. रिटायर हेडमास्तर, वाक्यागणिक "म्हणजेच" म्हणणारा. नाखुशीने का होईना, ते कबूल झाले.

लग्नाची गाडी होती झ्वियादच्या वडिलांची, कोरी, सीटवरचं प्लास्टिकही न काढलेली. चालवायला अर्थात काका. चर्चबाहेर झ्वियाद खिडकीत वाकला आणि ड्युटीवरच्या आवाजात म्हणाला, "काका, कृपया पट्टा लावून घ्या. पुढच्या चौकात माझीच माणसं उभी आहेत."

"लावलाय की."

"मग बकलात हे काय आहे?"

"ताईत."

झ्वियादने ते पातं उपटलं. अर्धंच हातात आलं, उरलेला तुकडा बकलातच राहिला. त्याच्या लक्षात आलं नाही. त्याने खरा पट्टा ओढून खटकन लावला. काकाने संतापून गाडी गिअरमध्ये टाकली.

सासरच्या अंगणात सगळे उतरले. काकाने बटण दाबलं, पट्टा सुटेना. झ्वियादने दाबलं, मी दाबलं, तेल ओतलं, सुई घातली. खालून निसटावं तर पोट आडवं येई, आणि जितकी धडपड करावी तितका पट्टा आवळे.

"कापून टाका हो," कुणीतरी म्हणालं.

"खबरदार!" काका आतून ओरडला. "उद्यापासून पोरीला या घरात राहायचंय. पहिल्याच दिवशी सासऱ्याच्या नव्या गाडीवर सुरी चालवता?"

मेकॅनिकला फोन केला. तो दुसऱ्या लग्नात होता आणि फोनवर गात होता.

टेबल काही थांबत नाही. रेझो उठला. "तर मंडळी, म्हणजेच..." देवाचा पेला झाला, शांततेचा झाला, नवरा-नवरीचा झाला. काका काच खाली करून ऐकत होता आणि मला सांगत होता, "ऐक, ऐक! लग्नात बोलतोय की शाळेची सूचना वाचतोय?" पण त्याचे कान लाल झाले होते. पट्टा दोन्ही मुठींत धरून तो ओढत होता. पुढचा पेला गेलेल्यांचा, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

"आता, म्हणजेच, वधूचे दिवंगत वडील, श्रीयुत ओतार..."

काकाने हॉर्नवर हात ठेवला आणि उचललाच नाही. कुत्री भुंकायला लागली, वादक थांबले, रेझोचा पेला तोंडाशी राहिला. सगळं टेबल गाडीकडे वळलं.

"ओमार!" काका खिडकीतून म्हणाला. "नाव ओमार. पेला आणा इकडे."

मी धावत नेला. त्याने तो खिडकीबाहेर धरला.

"हा पेला उभं राहून प्यायचा असतो, मंडळी. तुम्ही राहा उभे." खुर्च्या सरकल्या. काकाचा आवाज खाली आला. "ओमार, मला आज उठता येत नाही रे. तूच समजून घे. तेक्लाला सोडायला आलोय. पोरगा पोलीस आहे, पण बरा आहे. धाकटी इथेच उभी आहे, सगळ्यांच्या नकला करते. तुझीही केली असती, पण तू तिला आठवत नाहीस. मी सांगतो तिला, तू कसा हसायचास ते."

त्याने पेला रिकामा केला. टेबलाजवळ तेक्ला ओंजळीत तोंड धरून उभी होती. रेझोसुद्धा "म्हणजेच" न म्हणता प्यायला.

मग झ्वियाद आला. हातात सुरी. "काका, वडिलांची परवानगी आहे. कापतो."

"ठेव ती," काका म्हणाला. "ज्यासाठी आलो होतो ते झालं. मेकॅनिक येईल तेव्हा येईल. तू जा, बायकोजवळ बस. आणि त्या मास्तराला सांग, पुढचे पेले त्याचे, पण नावं नीट पाठ करायची."