बॉल कोणाचा? वानखडे मॅडमच्या साठीनिमित्त

वानखडे मॅडमची आणि माझी पहिली ओळख झाली तेव्हा त्यांनी माझ्या हातात शिट्टी दिली. कॉलेज संपवून मी नुकताच अमडापूरला परतलो होतो आणि बाजाराच्या मोकळ्या जागेत संध्याकाळी काय चाललंय ते बघत उभा होतो. मॅडम चिखलीच्या शाळेतून खेळाच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या, आता गावची टीम चालवत होत्या. बाया आणि माणसं एकाच टीममध्ये व्हॉलीबॉल खेळताहेत, हे काही मला कळेना.

"काय रे, तू लिहितो म्हणे? म्हणजे तुले टाइम हाये. धर, तू अंपायर."

"मॅडम, मला नियम येत नाहीत."

"आम्हाले तरी कुठं येत होते?"

नियम त्यांनी उभ्याउभ्या सांगितले. एका बाजूला सहा जण, त्यात निदान दोन बाया. तीन टचमध्ये बॉल पलीकडे गेला पाहिजे. एकापेक्षा जास्त टच झाले तर त्यातला एक बाईचा हवा. सर्व्हिस आपल्याकडे आली की सगळ्यांनी गोल फिरून एकेक जागा पुढे सरकायचं. नेटवर अडवलं तर तो ब्लॉक, तो टचमध्ये धरायचा नाही.

"मग ब्लॉक धरून चार होतात ना?"

"होतात अन् नाही होत."

मी मान हलवली. तेव्हापासून हलवतोच आहे.

मॅडमचं काम किती मोठं आहे हे मला नियमांमुळे नाही, एका घरामुळे कळलं. आमच्या टीममध्ये बाया दोनच. शिवणकाम करणाऱ्या शबानाताई आणि ज्योतीवहिनी. वहिनींचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, सुधाकरभाऊ आमचे सगळ्यात उंच गडी. आता आपल्याकडे भासरा आणि भावजय एकमेकांशी सरळ बोलत नाहीत, हे तुम्हाला मी काय सांगावं. पण जागा बदलत बदलत ते दोघं शेजारी यायचेच. बॉल मधे यायचा. वहिनी मोठ्यांचा मान म्हणून थांबायच्या, भाऊ मर्यादा म्हणून थांबायचे, आणि बॉल दोघांच्या मधे आदरानं खाली पडायचा. लोक हसायचे. हसणं घरापर्यंत गेलं. सासूबाईंनी सांगून टाकलं, पुन्हा हसं झालं तर ज्योतीचा खेळ बंद. वहिनी गेल्या तर बाई एकच उरते, म्हणजे सगळ्यांचाच खेळ बंद.

मी मॅडमना म्हटलं, "त्या दोघांना लांब लांब उभं करू ना."

"काऊन? फिरणं म्हणजे फिरणं. घरात काय लांब राह्यतात ते?"

मॅडम त्यांच्या घरी गेल्या. मला वाटलं, स्त्री-पुरुष समानतेवर बोलतील. त्यांनी चहा घेतला, तुरीला शेंगा कशा लागल्यात ते विचारलं, आणि निघताना दारात सुधाकरभाऊंना एवढंच म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही सूनबाईशी नका बोलू. बॉलशी बोला. घ्यायचा नसला तर नुसतं 'सोडला' म्हणा." वहिनी आत भांडी लावत होत्या. तिकडे न बघता मॅडम पुढे म्हणाल्या, "अन् ज्याले घ्यायचा त्यानं 'माहा' म्हणायचं. हेही बॉललेच."

हा नियम कुठल्या पुस्तकात आहे की नाही, मला माहीत नाही.

भाऊ 'सोडला' म्हणू लागले. वहिनी बॉल घ्यायच्या, पण गुपचूप. 'माहा', म्हणजे 'माझा', काही तोंडातून निघेना. तेवढ्यात चिखलीची टीम खेळायला आली आणि सासूबाई स्वतः खुर्ची घेऊन बाजूला येऊन बसल्या. शेवटच्या पॉइंटला चिखलीचा स्मॅश नेटजवळ शबानाताईंच्या बोटांना लागून आत आला. आमच्या गजूनं उचलला, दुसऱ्यानं वर चढवला, आणि बॉल नेमका भाऊ आणि वहिनींच्या मधे. भाऊ उडीच्या तयारीत. 'सोडला' म्हणायचं काही लक्षण दिसेना.

"माहाऽऽ!"

कडेच्या बकऱ्यासुद्धा उठल्या. भाऊ जागच्या जागी खाली बसले आणि बसल्यावर म्हणाले, "सोडला!" वहिनींचा बॉल पलीकडे मागच्या रेषेवर पडला.

"चार टच! चार टच!" चिखलीवाले ओरडले.

"अबे, पहिला ब्लॉक होता! शिट्टी वाजव ना बे!" गजू माझ्यावर.

शबानाताईंचा हात ब्लॉक होता की टच, मला खरंच कळलं नाही. मी मॅडमकडे बघितलं. त्या टच मोजतच नव्हत्या, त्या खुर्चीकडे बघत होत्या. सासूबाई उठल्या, पदर नीट केला.

"आमच्या घरात एवढा आवाज हाये, मले माहीतच नोतं," त्या म्हणाल्या. मग वहिनींना, "उद्या किती वाजता हाये तुमचं?"

शिट्टी माझ्या तोंडातच राहिली. कोण जिंकलं, यावर आजही चिखलीच्या जीपमध्ये भांडणं होतात. वहिनी रोज खेळतात. सुधाकरभाऊ म्हणे आता घरीही, ताटात शेवटची भाकर उरली की 'सोडला' म्हणतात.

या लेखासाठी मी मॅडमना परत विचारलं, तो ब्लॉक होता की टच?

"पंच्याहत्तरीले सांगीन," त्या म्हणाल्या.

तेव्हा मॅडम, तुम्हाला निरोगी, भरपूर आयुष्य मिळो, ही इच्छा आम्हा सगळ्यांचीच. माझी जरा जास्त आहे. मला त्या पॉइंटची शिट्टी अजून वाजवायची आहे.