बांबूचं दुसरं टोक

नाताळच्या आधीच्या आगमनकाळातल्या दुसऱ्या रविवारी, शेवटचं गीत संपल्यावर आणि चहाची किटली बाहेर यायच्या आधी, आमच्या फतेगंजच्या मराठी ख्रिस्ती मंडळीने माझ्या मामांना शाल पांघरवून नाहीसं केलं. वर टाळ्याही वाजवल्या. हे मी निषेध म्हणून लिहिते आहे. माझा हात पत्रकं लिहून घडलेला आहे, त्यामुळे मध्येच आवाज चढला तर चढू द्या. बडोद्यातल्या ख्रिस्ती माणसांचे जेवढे अबोले या एका माणसाने मोडले तेवढे इथल्या सगळ्या पाळकांनी, पंचांनी आणि वकिलांनी मिळून मोडले नसतील, आणि 'मी समेट घडवतो' असं तोंडाने एकदाही न म्हणता मोडले. अशा माणसाला मखमली खुर्चीवर बसवून 'ज्येष्ठ सल्लागार' करण्यात आलं. सल्लागार म्हणजे ज्याला कोणी काहीही विचारत नाही तो. मी जाहीर विचारते, त्यांचा गुन्हा काय होता?

मामा म्हणजे माझ्या आईचे मावसभाऊ, रेल्वेतून निवृत्त झालेले. पण तसे ते अख्ख्या मंडळीचे मामा. त्यांच्याहून वयाने मोठ्या आजीबाईसुद्धा त्यांना मामाच म्हणतात. नाताळच्या सकाळची उपासना झाली की आमच्या चर्चच्या आवारात प्रीतिभोजन असतं, म्हणजे सगळ्या मंडळीने मिळून शिजवायचं, मिळून वाढायचं आणि एका पंक्तीला बसून जेवायचं. त्याचे प्रमुख मामा. कधीपासून ते विचारू नका, मला कळायला लागलं तेव्हापासून तरी तेच. त्याची तयारी ते वर्षभर करत, आणि ती करायची त्यांची तऱ्हा अशी की दर रविवारी उपासना संपली की चहाचा कप घेऊन कडुनिंबाखाली उभं राहायचं आणि फाटकं बघायची. आमच्या आवाराला दोन फाटकं आहेत, एक मोठ्या रस्त्याकडचं आणि एक मागच्या गल्लीतलं. एकमेकांशी न बोलणारी माणसं एका फाटकातून बाहेर पडत नाहीत. कोणाचं घर कुठल्या दिशेला आहे हे मामांना पाठ, त्यामुळे मोठ्या रस्त्याकडे, निजामपुऱ्यात राहणारी बाई गल्लीच्या फाटकाने निघाली की मामा कपातच हसायचे. 'मामा, सलाम!' असं कोणी म्हटलं तर, 'सलाम, सलाम, जरा बाजूला हो ने, फाटक दिसत नाही.'

मग आगमनकाळ सुरू झाला की मामा कामं वाटायचे. दुसरीकडे माणसाला काय येतं ते बघून काम देतात; मामांच्या लेखी पात्रता एकच, दोघांमध्ये अबोला हवा. कांदा चिरायला सासू-जावई, ताटं पुसायला एकमेकांच्या विरोधात पंचाच्या निवडणुकीला उभे राहिलेले दोन उमेदवार. आणि सगळ्यात मोठा मान देगेचा. मटणाची देग चुलीवरून पंक्तीपर्यंत न्यायची तर तिच्या दोन कड्यांतून बांबू घालून दोघांनी खांद्यावर उचलावी लागते. त्या बांबूसाठी मामा वर्षातला सगळ्यात कडक अबोला राखून ठेवायचे. 'गरम देग खांद्यावर असली ना, की गप्प राहणं परवडत नाही,' ते म्हणायचे. '"थांब", "हळू", "डावीकडे" एवढं तरी बोलावंच लागतं. सुरुवातीला पुष्कळ झालं.' एका वर्षी त्यांनी आमचा ऑर्गनवाला आणि आमचा तबलजी यांना बांबू दिला. हे दोघं शेजारी बसून वाजवायचे, पण निरोप पाळकांमार्फत धाडायचे. अर्ध्या वाटेवर ऑर्गनवाला ओरडला, 'अरे खड्डा, खड्डा! आंधळा आहेस का?' सगळ्या पंक्तीने टाळ्या वाजवल्या. जेवण होईपर्यंत ते दोघं एकमेकांशी थेट भांडत होते, पाळकांना मध्ये न घेता. मामांच्या हिशेबी ही प्रगती.

या पद्धतीचे परिणाम नेहमी चविष्ट असत असं मात्र मी म्हणणार नाही. एकदा मटणावर त्यांनी दोन सख्ख्या जावा नेमल्या. मीठ पडलं की नाही हे दुसरीला विचारण्यापेक्षा जीव गेला तरी चालेल, अशा निश्चयाने दोघींनी आपापलं मीठ टाकलं. पहिला घास घेऊन पाळकांनी डोळे मिटले तेव्हा आम्हाला वाटलं पुन्हा प्रार्थना आहे, म्हणून आम्हीही मिटले. शेवटी थोरली जाऊ पुटपुटली, 'मीठ मी घातलं होतं.' धाकटी म्हणाली, 'मीपण.'

'मग सांगायचं ने!'

'तुम्ही विचारायचं ने!'

'बोलल्या!' मामा आनंदाने ओरडले, आणि त्यांनी एका पंचाला दही आणायला पिटाळलं. पुढच्या वर्षी त्या दोघींनी एकमेकींना इतक्यांदा विचारलं की मीठ घालायचंच राहून गेलं.

त्यांच्या बैठकाही तशाच. 'झालं ते सांगू नका, अडलं ते सांगा,' हा पहिला आणि शेवटचा नियम. वाघोडियाच्या एका कारखान्यात साहेब असलेला आमच्यातलाच एक जण एकदा उभा राहून म्हणाला, 'मामा, माझ्याकडे सगळं वेळेप्रमाणे चालू आहे, काही अडचण नाही.' मामांनी त्याच्याकडे डॉक्टर बघतो तसं बघितलं. 'काहीच नाही? मग तुझ्याशी कोणी खरं बोलत नाही वाटतं.' आणि त्याला लसूण सोलायला बसवलं, त्याच्या सासूबाईंबरोबर. हे सगळं चालायचं त्यामुळे दुपारचं जेवण संध्याकाळच्या चहाच्या वेळेला मिळायचं, भूक लागलेली पोरं रडायची, मामा सगळ्यांवर खेकसायचे. आणि एका बाबतीत तर ते निव्वळ हट्टी होते. मागच्या भिंतीजवळच्या पंक्तीत भात दुसऱ्या कोणालाही वाढू द्यायचे नाहीत. घरून स्वतःची भातवाढी पिशवीत घालून आणायचे.

त्या पंक्तीत त्यांचे सख्खे थोरले भाऊ बसत. ते वाघोडियाला राहतात, उपासनेलाही तिकडेच जातात; इकडे वर्षातून एकदा, नाताळला, एसटीने येतात. दोघांचा अबोला त्यांच्या आईच्या अंत्यविधीपासूनचा. आईचं आवडतं गीत एक, आणि त्याच्या चाली दोन. मामांना पेटी-तबल्यावरची देशी चाल हवी होती, थोरल्यांना ऑर्गनवरची विलायती. कोणीच माघार घेतली नाही, तेव्हा अर्ध्या मंडळीने एक चाल धरली, अर्ध्या मंडळीने दुसरी, आणि माउलीला दोन्ही चालींवर एकदमच मातीत ठेवण्यात आलं. तेव्हापासून दोघा भावांत वर्षाला एकच संभाषण.

'भात?'

'अर्धा.'

मामा पूर्ण वाढायचे, थोरले पूर्ण संपवायचे, आणि मागच्या फाटकाने बसला जायचे. सगळ्या आवाराला हे माहीत होतं. पण जोड्या लावणारे मामाच, मग त्यांची जोडी लावणार कोण?

असं हे चाललं असताना आमच्याकडे नवे, तरुण पाळक आले. माणूस वाईट नाही. फक्त हल्ली सगळ्या देशाला जे झालं आहे तेच त्यांनाही झालं आहे. सगळं नवं, चकचकीत आणि वेळेवर पाहिजे. त्यांनी बाहेरून एक प्रशिक्षक बंधू बोलावले. कमरेला पेजर, टाय, सोबत भिंतीवर अक्षरं पाडणारा प्रोजेक्टर. विषय होता 'मंडळीतील निरोगी आणि परिणामकारक टीम'. आम्हाला प्रश्न सोडवायला लावले आणि उत्तरांवरून रंगांचे बिल्ले दिले: पुढाकार घेणारे लाल, योजना करणारे निळे, उत्साही पिवळे, शांत स्वभावाचे हिरवे. एका रंगाची माणसं एका टीममध्ये, म्हणजे घर्षण नको. मामांनी हात वर केला.

'आणि ज्यांचं पटत नाही ते?'

'त्यांना वेगळ्या टीममध्ये ठेवायचं, मामा. म्हणजे भांडणच नाही.'

'मग ते बोलणार केव्हा?'

बंधू गोड हसले आणि त्यांनी प्रोजेक्टरवरचा कागद बदलला. पुढे 'तुम्ही निर्णय कसा घेता?' या प्रश्नाला मामांनी 'फाटक बघून' असं उत्तर दिलं. ते कुठल्याच रंगात बसेनात. मंडळीत जो कुठेच बसत नाही त्याच्यासाठी एक शाल आणि एक खुर्ची असते, ती त्यांना मिळाली.

नाताळला चारही टीमनी आपापलं काम चोख केलं. म्हणजे लालांनी ठरवलं, निळ्यांनी आखलं, पिवळ्यांनी टाळ्या वाजवल्या, हिरव्यांनी मान डोलावली आणि मांडवीच्या एका केटररला ऑर्डर गेली. 'बधुं पॅक छे साहेब, कोई टेन्शन नथी,' तो म्हणाला, आणि खरंच नव्हतं. चांदीच्या रंगाचे डबे रांगेने मांडलेले, उपासना संपताच वाटप, कोणी कोणाला 'मीठ घातलं का' विचारायची गरज नाही. पोरं रडली नाहीत, कोणी खेकसलं नाही, दुपार व्हायच्या आत आवार रिकामं. दोन्ही फाटकं माणसांनी भरून वाहत होती. एवढी निरोगी मंडळी मी कधी बघितली नव्हती.

मागच्या भिंतीजवळ थोरले मामा हातात डबा घेऊन उभे होते. पिवळ्या बिल्ल्याच्या एका पोरीला त्यांनी विचारलं, 'पंगत कुठे?'

'पंगत नाही काका या वर्षी. घरी नेऊन निवांत जेवा!'

त्यांनी एकदा मामांची मखमली खुर्ची ठेवली होती त्या मंचाकडे बघितलं. मामा खुर्चीवरून अर्धे उठले होते, हातात डबा, पायाशी भातवाढीची ती पिशवी. पण मध्ये भात नव्हता, त्यामुळे बोलायलाही काही नव्हतं. थोरले मागच्या फाटकाने गेले. बसची वेळ झाली होती.

त्याच आठवड्यात मी एक पत्रक लिहिलं आणि मामांच्या घरी जाऊन वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

'पाळकांना हुकूमशहा म्हटलंयस,' ते म्हणाले. 'त्यांच्याशी बोललीस?'

'नाही. आणि बोलणारही नाही. मी हल्ली मागच्या फाटकाने जाते.'

मामांचे डोळे कडुनिंबाखाली चमकायचे तसे चमकले. 'सारु, सारु! मग देग परत आली तर बांबूच्या एका टोकाला तू, दुसऱ्याला पाळक. उंचीपण बराबर आहे तुमची.'

'मामा, मी तुमच्यासाठी चिडलेय!'

'म्हणून तर, पुढारीबाई.'

मला राहवलं नाही. मी विचारलं, 'आणि तुमच्या बांबूच्या दुसऱ्या टोकाला कोण?'

त्यांनी पिशवीतून भातवाढी काढली आणि कोरडीच होती तरी पंच्याने पुसली. पुसत राहिले. 'माझी जोडी लावायला मंडळीत दुसरा मामा पाहिजे होता गं. तो काही झाला नाही.' मग, जणू दुसऱ्याच कशाबद्दल, म्हणाले, 'त्याचा उजवा खांदा दुखतो. चालताना कळतं. डाव्यावर द्यावा लागेल.'

मी पाळकांकडे गेले. माझे पहिले दोन शब्द होते 'थांबा' आणि 'ऐका', आणि सुरुवातीला तेवढे पुष्कळ झाले. त्यांनी ऐकलं. म्हणाले, 'मला हे कोणी सांगितलंच नव्हतं.' खरंच आहे, त्यांना सगळ्यांनी 'सगळं ठीक आहे' एवढंच सांगितलं होतं. मंडळीने मागितलं तर देग परत ठेवू, असा शब्द त्यांनी दिला आहे. पण मंडळीने मागायला हवं, एकट्या माझ्या पत्रकाने नाही.

म्हणून माझी मागणी तुमच्याकडे आहे. तुम्ही दुसऱ्या गावचे, दुसऱ्या मंडळीचे असाल तर येत्या रविवारी आपल्या आवाराचं फाटक बघा, तेवढं बस आहे. पण तुम्ही आमच्यातले असाल, तुमचा अबोला कधी त्या बांबूखाली मोडला असेल, तर येत्या नाताळच्या प्रीतिभोजनाच्या बैठकीला या. बिल्ला घरी ठेवा. डबा नको, पंगत हवी म्हणून हात वर करा. आणि देगेला कोण, असं विचारतील तेव्हा कोणाच्या तोंडाकडे बघू नका. उभे राहा आणि दोन्ही भावांची नावं मोठ्याने सांगा. मामा पुढे, थोरले मागे, डाव्या खांद्यावर. दोघंही म्हातारे झाले आहेत. या वर्षीच सांगा.