धुऱ्याचा भाव

धुऱ्याची काकू धामणीला पाहुणी म्हणायची आणि मला चोर. दोन्ही माझ्या तोंडावर आणि दोन्ही मोठ्यानं.

मालेगावच्या अलीकडे, वाशीम रस्त्याला लागून माझं वावर आहे. ते मला कुणी वारशात दिलं नाही. सायकलवर भाजी विकून मी ते घेतलं, म्हणून त्याच्या आसपासची वीतभर जागा रिकामी दिसली तरी मला राग येतो. काकूचं वावर माझ्याला लागून होतं आणि मध्ये तिचा धुरा, म्हणजे बांध. बाकीचे धुरे चालण्यापुरते असतात. हा गाडीवाटेएवढा रुंद. त्यावर बोरी, हिवर, नाना जातीचं गवत, एक पोकळ झालेला कडुनिंब आणि खाली बिळंच बिळं. तो मोडला असता तर काकडीच्या दोन ओळी सहज बसल्या असत्या.

दर उन्हाळ्यात लोक धुरे पेटवून साफ करायला लागले की मी तिच्याकडे जायचो.

“काकू, धुऱ्याचा भाव सांगा.”

“तुले परवडनार नाई.”

“सांगून तं पाहा.”

“त्या धामनीले कुठं ठेवशीन? निंबातल्या पिंगळ्याले घर बांधून देशीन? मोठा आला घेनारा! चोर कुठला!”

सौदा अडला की उठून चालू लागायचं, ही माझी जुनी युक्ती. चार पावलांत माणूस मागून हाक मारतो. काकूनंही मारली होती. “बापू,” ती म्हणाली, “जाता जाता काट्याची फाटी आडवी लाव, शेळ्या शिरून राह्यल्या.”

ती काही झाडाला हात जोडणारी बाई नव्हती. माझ्यासारखीच व्यवहाराची होती, तेच मला खुपायचं. तिच्या लेखी वावर म्हणजे आठवडी बाजार. “फुकट कोनी काई करत नाई,” ती बिडी ओढणाऱ्या माणसानंही दचकावं अशा खरखरीत आवाजात सांगायची. “माशी रस घेते अन् फळ बसवून देते. उंदीर तुह्या काकड्या खाते, धामन उंदराले खाते. पाला सडते तं मातीचं पोट भरते. ज्यानं गिऱ्हाईक मारलं, त्याचं दुकान बसलं.” हे मी तीस दुकानदारांना ऐकवलं असेल. पण तिच्या तोंडून ऐकलं की माझं डोकं फिरायचं.

एकदा मी फार तापलो. म्हणालो, “काकू, तुमच्या साप-विंचवांनी माहं वावर बिघडवलं.” ती शांतपणे म्हणाली, “मंग लाव शर्यत.” माझ्या वावराच्या दुसऱ्या टोकाला, रस्त्याकडे, माझा स्वतःचा धुरा होता. तो मी पेटवायचा, खरवडायचा, वाटेल ते करायचं. मध्ये लांबलचक काकडी. कोणत्या टोकाची काकडी बाजारात चालते ते हंगामात पाहायचं. मी जिंकलो तर तिचा धुरा माझा, तोही मी म्हणेन त्या भावानं. हरलो तर तिच्या जिवंतपणी धुऱ्याचं नाव काढायचं नाही. मी हसतच हो म्हणालो. माझं टोक कसं चकचकीत दिसत होतं!

फुलं दोन्हीकडे सारखीच आली. पण रस्त्याकडच्या टोकाला माशा फिरकेनात. काकड्या एका बाजूनं फुगलेल्या, दुसरीकडून चिमलेल्या, विळ्यासारख्या वाकड्या. आणि ज्या सरळ निघाल्या, त्या उंदरांनी कुरतडल्या. काकूच्या टोकाला सकाळी माशांचा नुसता गलका. कोतवाल पक्षी बोरीवरून झेप घेऊन अळ्या टिपत होता. काकड्या सरळ, एकसारख्या. मालेगावच्या बाजारात मी दोन्हीकडचा माल वेगळा लावला. काकू मुद्दाम आली, वाकडी काकडी उचलून लोकांसमोर म्हणाली, “काहून बापू, हे चकचकीत टोकाची का?”

आयुष्यात तो एकच सौदा मी हरलो. शब्द मात्र पाळला. पुढची सगळी वर्षं मी धुऱ्याबद्दल अवाक्षर काढलं नाही आणि ती रोज त्याच धुऱ्यावर बसून, माझ्याकडे पाहत, मुद्दाम शेंगा खायची. “बोल नं,” म्हणायची. “गप्प काहून?”

मागच्या उन्हाळ्यात ती गेली. शब्द सुटला. तेरवी झाली आणि तिचा मुलगा वाशीमहून जेसीबी घेऊन आला. मला म्हणाला, “काका, धुरा साफ करून राह्यलो. एक ओळ तुमी घ्या, एक मी घेतो. आता तं खूश?”

इतकी वर्षं मला हवं होतं तेच तो फुकट देत होता. आणि फुकट कोणी काही करत नाही.

मी मशीनसमोर उभा राहिलो. “सारा धुरा मले पाह्यजे,” म्हणालो, “हाय तसा. त्याच्या बदल्यात माह्या वावरातली तेवढीच पट्टी घे.”

“काका, काळी माती देऊन काटे घेता?”

“तुले सौदा कराचा हाय का नाई?”

त्यानं केला. पोरगा आईवर गेला नाही, लगेच उतरला. रीतसर मोजणी झाली. गाव म्हणतं, बापूनं म्हातारपणी सौद्यात मार खाल्ला. गावाला भाव कळत नाही. माझी तक्रार वेगळीच आहे: जिवंतपणी तिनं भाव सांगितला असता, तर मी तो तिच्या हातात दिला असता, तिचं तोंड कसं होतं ते पाहिलं असतं.

मोजणीवाले गेल्यावर निंबाखाली तिच्या जागेवर बसलो. बिळातून धामण निघाली, माझ्या पायाशी आली. मी पाय वर घेतला, तिला वाट दिली. पाहुणी होती ती. मला चोर म्हणणारं मात्र आता त्या धुऱ्यावर कुणी नाही.