शेपटाचं भाडं

बोटीच्या दिवशी दिन्कोचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. एरवीही तो साडेचारलाच उठे. गोदीतून निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, तरी अंगातली सकाळपाळी गेली नव्हती. बोटीच्या दिवशी त्याहून तासभर आधी. उठायचं, टायरची हवा बघायची, कॅरॅव्हन गाडीला अडकवायची, साखळी ओढून पाहायची, गॅसची टाकी पट्ट्याने आवळायची. तोवर नेवेन्का, त्याची बायको, पाव कापून त्यात खारवलेले मासे भरी आणि थर्मासमध्ये कॉफी ओती. अंधारातच रियेका शहर सोडलं की उजाडताना ब्रेस्तोवाच्या धक्क्यावर पहिला नंबर.

पहिला नंबर हवा, कारण रांगेत गाडी पुढे-पुढे सरकवण्यात फुकट तेल जळतं. सुट्टी एकतर जूनच्या आधी नाहीतर सप्टेंबर सरल्यावर, कारण तेव्हा मोसमाचं भाडं उतरतं. बोट ब्रेस्तोवाचीच, कारण तिथून त्स्रेस बेट हाकेवर आहे आणि जेवढं पाणी कमी तेवढे पैसे कमी. बेटावर मुक्काम चुलतभावाच्या जैतुनाच्या बागेत. तिथल्या जागेचं भाडं म्हणजे वर्षातून एकदा मोडकं फाटक जोडून देणं. बोटीवरच्या कॉफीला दिन्कोने जन्मात तोंड लावलं नव्हतं.

त्या वर्षी ऑक्टोबर लागताच ते धक्क्यावर पोचले तेव्हा व्येको फीत घेऊन उभा होता. गाड्या मोजून भाडं ठरवायचं काम त्याचं. सहा वर्षांपूर्वी तो या धक्क्यावर आला आणि तेव्हापासून त्याने दिन्कोला फुकट कधी सोडलं नाही, पैशानेही नाही आणि तोंडानेही नाही.

"आला, आला, शेपूटवाला आला!"

"मोज आणि गप्प बस."

"नजरेने मोजायचे दिवस गेले, मिस्त्री. वरून हुकूम आलाय. फीत लावायची." व्येको वाकला, कॅरॅव्हनच्या लांबीवर फीत ताणली, पुन्हा ताणली. "सहा मीटर तीस. सहाच्या वर गेली. वरचा टप्पा लागणार."

"गेल्या वर्षीही एवढीच होती."

"गेल्या वर्षी माझे डोळे अधू होते."

"आणि मी दिलेली मासळी खाऊन बरे झाले?"

"मासळीनेच बिघडले होते." व्येको हसला. मग कॅरॅव्हनच्या मागच्या बाजूला थाप मारून म्हणाला, "हे खोकं बघ की. बाकीची गाडी कारखान्याची, हे मागचं घरचं काम. तूच जोडलंस ना?"

"मीच."

"मग तूच काप. हे सत्तर सेंटिमीटर गेलं की तू खालच्या टप्प्यात. जाताना वाचले, येताना वाचले. वेल्डर माणूस तू, सकाळचं काम. नाहीतर काय, रिकामं खोकं बेटावर हवा खायला नेतोस?"

नेवेन्का गाडीत बसली होती. तिने काच वर केली.

दिन्कोने पैसे मोजले आणि गाडी बोटीत घातली. लोक वर गेले. ते दोघं नेहमीप्रमाणे खाली गाडीतच बसले, मांडीवर पाव घेऊन. बोटीने आपला लोखंडी जबडा मिटला, उजेड बारीक होत होत बंद झाला, इंजिनाचा थरथराट तळव्यांत शिरला. आणि मागून, कॅरॅव्हनच्या शेपटातून, आवाज आला.

टक. मग एक हलका. मग पुन्हा टक.

नेवेन्का पाव चावायची थांबली. दिन्को समोर बघत राहिला.

दरवर्षी हे व्हायचं. पहिल्या वर्षी त्याने साखळी बदलली. दुसऱ्या वर्षी गॅसची टाकी काढून गाडीत पायाशी घेतली. मग पायरी, मग खिडकीची कडी, मग अॅक्सलचे रबर. ज्या माणसाने चौतीस वर्षं जहाजांचे पत्रे जोडले त्याच्या गाडीत सैल असं काही उरत नाही. तरी जबडा मिटला की ते तीन ठोके यायचेच. बेटावर नाही, रस्त्यावर नाही. फक्त बोटीत, बंद झाल्यावर.

त्या ठोक्यांचा अर्थ त्या दोघांना ठाऊक होता. म्हणून ते त्याबद्दल कधी बोलले नव्हते.

गोदीत एक रिवाज होता. जहाजाच्या तळाशी टाक्या असतात, माणूस रांगत जाईल एवढ्या. टाकीचं शेवटचं झाकण वेल्ड करण्याआधी बाहेरून हातोडीने दोन ठोके द्यायचे, पत्र्याला कान लावायचा आणि थांबायचं. आतून तीन ठोके आले तर आत माणूस आहे. मग मशीन खाली. साहेब ओरडो, जहाज उशिरा जावो, मशीन खालीच. पोरसवदा वेल्डर याला हसायचे. दिन्कोही हसायचा, एका ऑगस्टच्या दुपारपर्यंत. त्या दुपारी त्याने नुसता उपचार म्हणून दोन ठोके दिले आणि आतून तीन आले. बेपो नावाचा म्हातारा रंगारी गारव्याला म्हणून आत शिरून झोपला होता. बाहेर आला तो डोळे चोळत, "काय रे, दार ठोठावता? पगार आला की काय?" सगळे हसले. दिन्कोने मात्र त्या दिवशी पुन्हा मशीन हातात घेतलं नाही. त्यानंतर त्याने न ठोकता एकही झाकण बंद केलं नाही.

त्यांची मुलगी तिहाना पाच वर्षांची झाली तेव्हा कॅरॅव्हनमध्ये आईबापाच्या मध्ये मावेना. नवी, मोठी कॅरॅव्हन घ्यायची ऐपत नव्हती. दिन्कोने गोदीतले भंगार तुकडे रीतसर विकत घेतले आणि सुट्टीच्या दिवशी खपून मागे खोकं जोडलं. आत एक फळी, तिच्यावर गादी, आणि डोक्याशी जहाजाच्या गोल खिडकीची जुनी काच. तिहाना त्यात आडवी झोपायची. रात्री दिन्को बाहेरून एक चक्कर मारी, खोक्यावर दोन ठोके देई. आतून तीन यायचे. मधला हलका, कारण मधल्या ठोक्याला तिला हसू फुटायचं. मग दिवा बंद.

तीन उन्हाळे ती त्यात झोपली. ती आठ वर्षांची असताना फेब्रुवारीत तिला मेंदूज्वर झाला आणि पाच दिवसांत सगळं संपलं.

त्यानंतर दिन्कोने त्या पत्र्यावर बोटही वाजवलं नाही. नेवेन्का मात्र दर सुट्टीला फळीवर धुतलेली चादर घाली आणि परत आल्यावर काढून धुवी. बारा वर्षं. दिन्को बघायचा.

व्येकोचं बोलणं त्या हिवाळ्यात त्याच्या डोक्यात राहिलं. पेन्शन बेताची, तेल महागलेलं. सुट्टीचे पैसे तो लोकांची फाटकं आणि जिन्याचे कठडे जोडून उभे करी. एका कठड्यामागे किती वाकावं लागतं हे त्याच्या गुडघ्यांना विचारावं. आणि त्यातला मोठा हिस्सा आता कशाला, तर रिकामी फळी पाण्यावरून पलीकडे न्यायला. हिशेब सरळ होता. मार्चमधल्या एका रविवारी त्याने कॅरॅव्हन अंगणात ओढली, खडूने रेघ मारली आणि ग्राइंडरची वायर जोडली.

नेवेन्का दोरीवर कपडे वाळत घालत होती.

"काय करतोयस?"

"शेपूट काढतोय. खालच्या टप्प्यात येईल."

"पैशासाठी काढतोयस की आवाजासाठी?"

बारा वर्षांत हा शब्द त्या घरात पहिल्यांदाच उच्चारला गेला. दिन्कोने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"तुलाही येतो?"

"मी काय बहिरी आहे?"

"मग बोलली का नाहीस कधी?"

"तू दर वर्षी पाना घेऊन गाडीखाली शिरायचास. म्हटलं, शिरू दे. तेवढंच काहीतरी आवळल्यासारखं वाटत असेल."

दिन्कोने ग्राइंडर जमिनीवर ठेवला. "नेवा, मला सहन होत नाही. ती सांगत राहते आणि विचारलं कुणी नाही. आपण तिला दरवेळी बोटीत कोंडतो असं वाटतं मला. खोकंच नसलं तर..."

"तर ती कुठे जाईल?"

नेवेन्काने ओला टॉवेल झटकला, दोरीवर टाकला, चिमटा लावला.

"कापायचं तर काप. तुझं काम आहे, तू जोडलंस. पण आधी ठोक. परक्यांच्या जहाजांना जन्मभर ठोकलंस, आपल्याला तेवढंही नाही?"

दिन्को हातोडी आणायला शेडमध्ये गेला. तिथे त्याने मुद्दाम उशीर लावला. परत आला तेव्हा ऊन अंगणभर पडलं होतं. शेजारची कोंबडी खडूच्या रेघेखाली माती उकरत होती. तिला त्याने पायाने हाकललं. मग तो शेपटाशी गेला आणि गोदीत उभा राहायचा तसा उभा राहिला, डावा हात पत्र्यावर टेकून.

दोन ठोके दिले. कान लावला. थांबला.

पत्रा उन्हाने तापला होता. आत काही नाही. कोंबडी, लांबवर एक मोटार, त्याचा स्वतःचा श्वास. गोदीत नियम होता की सावकाश वीस मोजायचे. अर्धवट मोजून उठणाऱ्याला तो स्वतः शिव्या द्यायचा. तो मोजत राहिला. बाराच्या पुढे गेल्यावर त्याला सुटल्यासारखं वाटू लागलं आणि त्याच क्षणी आपण सुटावं असं आपल्याला वाटतंय याची त्याला लाज वाटली.

टक. हलका. टक.

कानाच्या खालीच. पत्र्याने त्याच्या गालाला ते सांगितलं. बोट नव्हती, इंजिन नव्हतं, वाराही नव्हता.

दिन्कोने ग्राइंडरची वायर काढली, गुंडाळली आणि ग्राइंडर पेटीत ठेवला. त्याने मागे पाहिलं तेव्हा नेवेन्काचा हात चिमट्यावर तसाच राहिला होता. दोरीवरची एक चादर हाताने चाचपून तिने म्हटलं, "अजून ओली आहे. संध्याकाळी फळीवर घालीन."

मे महिन्यात ते पुन्हा ब्रेस्तोवाला पोचले. व्येकोने फीत काढली आणि रेघ पाहून तो खुलला.

"खडू मारलास आणि कापायचं विसरलास? म्हातारा झालास, मिस्त्री!"

"आत माणूस आहे," दिन्को म्हणाला.

व्येकोने गोल काचेतून आत डोकावलं. "कुठे? चादर आहे नुसती. बघ हं, माणूस असेल तर त्याचं तिकीट वेगळं..." बोलता बोलता त्याने गाडीकडे पाहिलं. नेवेन्का उघड्या काचेतून त्याच्याकडे बघत होती, रागाने नाही, नुसती बघत होती. आडवी घातलेली आखूड गादी त्याने पुन्हा एकदा पाहिली आणि टोपी मागे सारली.

"किती वर्षांचं होतं?" त्याने हळूच विचारलं.

"आठ."

"मला कुणी सांगितलं नाही रे."

"तू विचारलं नाहीस."

व्येकोने फीत गुंडाळली. "सहाच्या आत लिहू? माझे डोळे पुन्हा अधू होतील."

"लिही आहे ते," दिन्को म्हणाला. "सहा तीस."

गाडी बोटीत लागली. लोक वर गेले. साखळ्या खडखडल्या, जबडा मिटायला लागला, तसा दिन्को खाली उतरला. उतरायची ही वेळ नव्हे असं खलाशी ओरडला. तो थांबला नाही. शेपटाशी जाऊन त्याने बोटाच्या पेरांनी दोन ठोके दिले आणि कान लावला. उजेड मिटत गेला. नेवेन्का गाडीत मागे वळून बसली होती आणि तिने श्वास धरला होता.

उत्तर आलं तसा तो परत येऊन बसला आणि तिने पाव काढला.

टेकडीवरच्या घराचा जिना, त्या हिवाळ्यात दिन्कोने वाकून वाकून जोडलेला त्याचा अख्खा कठडा, त्याची सगळी मजुरी त्या सकाळी तिकीटखिडकीत गेली. त्या पैशांत एक मोटार आली, दोन माणसं आली, आणि एक आखूड गादी मावेल एवढी सत्तर सेंटिमीटर जागा, पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत.