देवळात टांगलेला दोर

आमच्या गावाइतकं तयारीचं गाव अख्ख्या सातारा जिल्ह्यात सापडायचं नाही. हे मी कौतुकानं सांगत नाही. धरणाचं पाणी चढलं तसं गाव वर डोंगराला जाऊन चिकटलं, आणि बाजार, दवाखाना, हायस्कूल सगळं पाण्यापलीकडं राहिलं. ये-जा करायला एकच लाँच. सकाळी जायची, संध्याकाळी परत यायची, आणि तिच्या मनाला येईल तेव्हा मधेच बंद पडायची.

त्र्याहत्तर सालच्या श्रावणात ती अशीच बंद पडली. धरणावरची सरकारी मोटारबोट जवळ आली. तिचा चालक म्हणाला, "वढून न्हेतो, पर दोर तुमचा द्या. ज्याची लाँच त्याचा दोर, असा नियम हाय." दोर कुणाकडं होता? कुणाकडंच नाही. दिवस मावळेपर्यंत सगळे पाण्यात तरंगत बसले. मग काय, दुसऱ्याच दिवशी चावडीवर बैठक. माझा मामा कुपवाडला कारखान्यात कामाला होता, त्याच्याकडून सांगलीच्या पेठेतला मनगटाएवढा जाड दोर मागवला. दोर आला तेव्हा गावानं तो असा हाताळून बघितला की नवरी मुलगीसुद्धा कुणी एवढी निरखली नसेल.

पुढं खंडेनवमी आली. नांगर, कोयते, मोटेचं सामान पुजलं, तसा दोरही पुजला. हळद-कुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. आणि नेमकी तिथंच कुणाच्या तरी डोक्यात अक्कल उगवली की पुजलेल्या वस्तूला पाय लागता कामा नये. लाँचीत तर सगळ्यांचे पाय, कोंबड्या, शेळ्या, खताची पोती. मग दोर ठेवायचा कुठं? देवळात. सभामंडपाच्या खुंटीला टांगून टाकला.

लाँचवाला बिचारा एकटाच म्हणाला, "आवं, लाँच पान्यात बंद पडती. द्योळ जमिनीवर हाय."

"तू नुसती लाँच हाक," त्याला उत्तर मिळालं.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, त्या बैठकीत पुढंच बसले होते. त्यांनीही मान डोलावली. मान डोलावण्यात आमच्या गावच्या पुरुषांचा हात धरणारा कुणी नव्हता.

माझी थोरली बहीण, अक्का, त्या वर्षी मॅट्रिकला होती. रोज लाँचीनं जाऊन-येऊन, चुलीपुढं बसून तिनं अभ्यास केला होता. गणितात तर मास्तरच तिला विचारायचे. पण फलटणकडच्या एका ऊसवाल्या घरानं तिला मागणी घातली होती, आणि आबांनी आपला निकाल आधीच सांगून ठेवला होता. मार्चात पास झाली तर मास्तरकीच्या कोर्सला घालीन, नाहीतर वैशाखात लग्न. ऑक्टोबर-बिक्टोबर काही चालणार नाही. पोरीनं परीक्षेसाठी पैलतीरावर कुणाच्याही घरी मुक्काम करायचा नाही, हेही त्यांनीच ठरवलं. रोज लाँचीनं जायचं.

पहिल्या पेपराच्या सकाळी आबा, अक्का आणि तिचा डबा घेऊन मी, असे तिघं निघालो. पेपर अकराला होता. सव्वानऊला, बरोबर पाण्याच्या मधोमध, इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. लाँचवाल्यानं झाकण उघडलं, तेलानं हात काळे केले, परत झाकण लावलं, परत उघडलं. अक्का पुस्तक मिटून उभी होती.

दहाच्या सुमाराला तीच सरकारी बोट आली. मला इतका आनंद झाला की मी अक्काचा हात गच्च धरला. चालकानं बोट शेजारी आणली आणि म्हणाला, "द्या दोर."

लाँचीत पंचवीसेक माणसं होती. सगळी एकमेकांकडं बघायला लागली.

"दोर द्योळात हाय," कुणीतरी म्हणालं, जणू काही ही मोठी समजूतदारपणाची गोष्ट होती.

लाँचवाल्यानं हात जोडले. "निदान या पोरीला तरी घे रं. परीक्षा हाय तिची."

"सवारी घ्यायचा हुकूम न्हाई. वढायचा हाय." तोही त्याच मातीतला.

मग लाँचवाल्यानंच मार्ग काढला. "पटके सोडा," तो म्हणाला. "चार पटके पिळून, भिजवून एकत्र बांधले तर लय घट्ट दोर हुतो. लाँच पैलतीरापातुर सहज वढली जाईल."

त्या लाँचीत कमीत कमी दहा डोक्यांवर पटके होते, एकेक वीस-वीस हात लांब. एकाचाही हात वर गेला नाही. एक म्हणाला, माझा लेकाच्या लग्नातला हाय. दुसरा म्हणाला, बाप मेल्यावर डोकं उघडं करत्यात, असं बायामान्सांत न्हाई. तिसरा पलटणीतून पेन्शनीवर आलेला, त्यानं पटका तर सोडला नाहीच, वर दोराच्या गाठी किती प्रकारच्या असतात ते सांगायला लागला. एका म्हातारीनं आपल्या गाठोड्यातलं लुगडं काढून पुढं केलं. तर तिलाच म्हणाले, "लुगड्यानं लाँच वढली म्हंजी गावात तोंड कुटं दाखवायचं?" तोंडं दाखवण्यासारखी होती का, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

अक्का आबांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"आबा, तुमचा द्या. तुमी दिला तर बाकीचे देतील."

आबांनी तिच्याकडं बघितलं नाही. पाण्याकडं बघत म्हणाले, "आसं करता येत न्हाई, बाळ."

चालक थोडा वेळ थांबला. मग "माझी डुटी हाय" म्हणून बोट वळवून निघून गेला. ती लांब जाईपर्यंत अक्का तिच्याकडं बघत होती. मला आजही त्या दहा डोक्यांचा राग येतो. तेव्हा तर एकेकाला पाण्यात ढकलावं असं वाटत होतं.

साडेबाराला इंजिन आपोआप सुरू झालं. आम्ही पळत हायस्कूलवर गेलो. दारातल्या शिपायानं घड्याळ दाखवलं. आतून पानं उलटल्याचा आवाज येत होता. अक्का तिथंच पायरीवर बसली. मी आणलेला डबा तिनं मलाच खायला लावला.

परतीच्या लाँचीत आबा म्हणाले, "देवाच्या मनात नव्हतं."

"देवाचं नाव घेऊ नका, आबा," अक्का म्हणाली. "तुमच्या मनात नव्हतं."

वैशाखात अक्का फलटणकडं नांदायला गेली.

दोन वर्षांनी माझी मॅट्रिक आली. मला मात्र आबांनी चार दिवस आधीच पैलतीरावर लांबच्या एका आत्याकडं पोचवलं. आपलाच नियम आपणच मोडला, आणि एका शब्दानं बोलले नाहीत. मी पास झाले, कोर्सला गेले, मास्तरीण झाले. गणितात अक्काच्या निम्मीही नव्हते.

पहिल्या पगाराची साडी घेऊन मी तिच्याकडं गेले. ती भाकरी थापत होती. साडी बघून तिनं पिठाचे हात पुसले, घडी उलगडून बघितली, छान आहे म्हणाली. मग परत परातीकडं वळली.

"आपल्या दोघींत आदी तू जन्माला आली असतीस," ती हसत म्हणाली, "तर आज मी मास्तरीण असते बघ."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि मला जेवायला वाढलं.