माझ्या टाकीतलं पाणी

आमच्याकडे कुणी जेवायला आलं की नवरा ताक येईपर्यंत दम धरायचा आणि मग तो किस्सा सुरू करायचा. लग्नानंतर काही वर्षांनी आम्ही त्याच्या कॉलेजच्या मित्रांबरोबर जीपने भटकायला गेलो होतो. तिथे मी जुलाब-उलट्यांनी आडवी झाले आणि सगळ्यांना सहल अर्धी टाकून पुण्याला परतावं लागलं. हे तो साग्रसंगीत सांगायचा. मी पोट धरून कशी धावले, ते उठून चालून दाखवायचा. शेवटी म्हणायचा, "हिला बाहेरचं पाणी सोसत नाही. हिला न्यायचं तर कर्वेनगरचा नळच उपटून बरोबर घ्यावा लागेल." पाहुणे हसायचे. मी ताटं उचलायचे.

तो जे सांगायचा नाही, ते मला माहीत होतं. त्या दिवशी पाणी भरायचं काम त्याच्याकडे होतं. झरा वर होता. चढायचा कंटाळा आला म्हणून त्याने गुरं बसतात त्या डबक्यातून माझी बाटली भरली आणि "उकळलेलं आहे" म्हणून माझ्या हातात दिली. पुढे एकदा भांडणाच्या भरात त्याच्याच तोंडून हे निघून गेलं. तरीही पुढच्या रविवारी पाहुण्यांसमोर किस्सा तसाच्या तसा. मित्रांच्या सहली दरवर्षी होत राहिल्या, त्यांच्या बायकाही जात राहिल्या. मी घरी.

मी एका कारखान्याच्या ड्रॉइंग विभागात नोकरी केली. निवृत्त झाल्यावर एक जुना पिकअप घेतला.

"भाजीचा धंदा काढतेस का?" नवऱ्याने विचारलं.

"हो," म्हटलं. "कोथिंबीर लागली तर सांगा."

वारज्याला, हायवेच्या मागे एका फॅब्रिकेटरचं शेड आहे. त्याला मी माझी ड्रॉइंग्ज दाखवली. पिकअपच्या हौद्यावर ठेवायची आणि हवी तेव्हा उतरवता येईल अशी एक खोली. त्यात झोपायला एक फळी, ओटा, छोटं बेसिन आणि स्टेनलेस स्टीलची पाण्याची टाकी. टाकी त्याला अवाढव्य वाटली.

"मॅडम, एवढं पाणी कशाला? वाटेत हॉटेलं आहेत की."

"मला हॉटेलात नाही जायचं."

आधी आम्ही टाकी मागच्या दाराजवळ बसवली, भरायला सोपी म्हणून. ती भरून मी गाडी बाहेर काढली आणि पहिल्याच वळणावर चूक कळली. मागचं वजन गाडीला खाली दाबत होतं. ब्रेक मारला की पाणी पुढे धडकायचं आणि गाडी थांबल्यावरही ढकलल्यासारखी पुढे सरकायची. कशीबशी शेडला परतले. टाकी कापून काढली. केबिनच्या पाठीला लागून, अगदी तळाशी नवी जागा काढली. टाकीच्या आत भोकं पाडलेले पत्र्याचे आडवे पडदे वेल्ड केले, म्हणजे पाणी एकदम धावणार नाही. बॅटरीवर चालणारा पंप जोडला. बेसिनचा नळ पहिल्यांदा सुरू केला तेव्हा मी त्याच्याखाली नुसता हात धरून उभी राहिले. फॅब्रिकेटरला वाटलं, मी आनंदाने गहिवरले. मी मनात त्या किश्शावर हसलेल्या पाहुण्यांची यादी करत होते.

त्या वर्षी मित्रमंडळींनी मे महिन्यात भोरच्या पुढचं एक पठार ठरवलं. "पाणी?" मी नवऱ्याला सहज विचारलं.

"खाली गावात विहीर आहे. कॅन तिथेच भरू. उगाच इथून ओझं कशाला?"

"यंदा तिला पाणी आहे का, विचारलंत?"

"तू नको शिकवू मला."

मी त्याच आठवड्यात एकटी जाऊन आले. विहिरीच्या काठावर बसलेली एक बाई म्हणाली, "ईर कवाच आटली, ताई. आमीच टँकरची वाट बघतो. परवा येनार हाय." मी घरी येऊन एक शब्द बोलले नाही. मी त्याला एकदा विचारलं होतं. तेवढं पुरेसं होतं.

ते लोक शनिवारी गेले. मी रविवारी टाकी काठोकाठ भरून निघाले आणि दुपारी पठारावर पोचले. सगळे एका झाडाच्या सावलीत बसले होते. विकतच्या बाटल्या सकाळीच संपल्या होत्या, भांडी खरकटी पडली होती, आणि आता आवराआवर करून निघायचं की थांबायचं यावर वाद चालला होता. मला बघून नवरा उठून उभा राहिला. मी पायरी खाली सोडली, नळ सुरू केला आणि स्वच्छ, सावकाश हात धुतले.

पाणी मी सगळ्यांना दिलं. तहानलेल्याला नाही म्हणायला मला कुणी शिकवलेलं नाही. बायकांनी तोंडं धुतली, एकीने चहा टाकला. नवरा सगळ्यात शेवटी आला. मी पेला भरला आणि हातातच ठेवला.

"अहो, तो किस्सा सांगा ना," मी म्हटलं. "आज सगळेच आहेत. फक्त बाटली कुठे भरलीत, तिथून सुरू करा."

"आत्ता? इथे?"

"इथेच. घाई नाही मला."

त्याने मित्रांकडे पाहिलं. मग खाली बघत दोनच वाक्यांत सांगितलं. डबक्याचं. उकळलं नव्हतं. कुणी हसलं नाही. चहा टाकणारी बाई म्हणाली, "अहो, आणि इतकी वर्षं आम्ही हिलाच हसत होतो?" मी पेला त्याच्या हातात दिला. तो प्यायला.

इथे मला वाईट वाटलं असं लिहायला हवं. वाटलं नाही. त्याचा तो पडलेला चेहरा मी पोटभर पाहिला, आणि अजूनही कधी डोळा लागत नसेल तर आठवून पाहते. बरं वाटतं.

आम्ही अजून एकाच घरात राहतो. पाहुणे आले की तो हवापाण्याविषयी, निवडणुकांविषयी बोलतो. हिवाळ्यात मी पठारावर चहा टाकणाऱ्या त्या बाईला घेऊन कोकणात निघाले, तेव्हा तो खाली पार्किंगपर्यंत आला. टायरवर हात ठेवून म्हणाला, "पुढच्या वेळी मी येऊ?"

"नाही," मी म्हटलं आणि गाडी सुरू केली.