राजीनामा मंजूर

माझं हिंदी चांगलं आहे. निम्मं आयुष्य उत्तरेतल्या महानगरात गेलं, भाजीवाल्याशी घासाघीस त्याच भाषेत केली. पण राग आला की आतून मराठीच येते, त्याला माझा इलाज नाही.

ह्यांच्या निवृत्तीनंतर आम्ही शहराबाहेर, बख्शी का तालाबकडच्या नव्या कॉलनीत घर घेतलं. हवा छान, शेजारी शेतं. तिथेच ह्यांच्या पायाला जखम झाली. मधुमेह जुना, जखम काही भरेना. दर दुसऱ्या दिवशी ड्रेसिंगला शहरात न्यायचं, म्हणजे अख्खा दिवस जायचा आणि ह्यांचा जीव मेटाकुटीला यायचा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, ड्रेसिंग चुकलं तर पाय जाईल.

अशात कळलं की सरकारी आरोग्य केंद्र मंजूर झालंय. पैसे एकाच केंद्राचे, जागा दोन सुचवलेल्या: आमच्या कॉलनीच्या हॉलमधली खोली, नाहीतर हायवेपलीकडच्या गावातली पंचायतीची. मी कॉलनीची सेक्रेटरी. जंग जंग पछाडलं, आरोग्य खात्याच्या साहेबांना बैठकीला बोलावलं. गावाकडून आमची दूधवाली आणि चारपाच बायका आल्या. तिची सून गरोदर होती, हायवे ओलांडून तपासणीला येणं तिला जमत नव्हतं. खरं तिचंही होतं, माझंही होतं.

पण मला तोंडघशी पाडलं ते आमच्याच लोकांनी. “यहाँ भीड़ लगेगी, माहौल बिगड़ेगा.” कालपर्यंत माना डोलावणारे! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. साहेब म्हणाले, “तो फिर गाँव में ही रख दें? सचिव जी क्या कहती हैं?”

मी ताडकन उठले. “तो लीजिए, मेरा राज़ीनामा!”

आणि टाळ्या पडल्या. साहेब चक्क हात जोडत म्हणाले, “ऐसी दरियादिली कम दिखती है.” मला काही कळेना. दूधवालीने माझे दोन्ही हात धरले. “दीदी, आप राज़ी हो गईं.” तेव्हा डोक्यात उजेड पडला. पद सोडायला इथे इस्तीफ़ा म्हणतात. राज़ीनामा म्हणजे संमती. आता दुरुस्ती करायची तर तिचे हात सोडवून घ्यावे लागले असते. मला ते जमलं नाही. मी खाली बसले.

घरी येऊन ह्यांना सांगितलं आणि रडले. हे पोट धरून हसले. “अगं, राजीनामा देऊन टाळ्या घेणारी तू पहिलीच.” मी म्हटलं, “हसताय काय, पाय तुमचा आहे.”

केंद्र गावात सुरू झालं. शहरापेक्षा कितीतरी जवळ, पण मध्ये तो हायवे. धुक्यात व्हीलचेअर ढकलत उभी राहायचे आणि मनातल्या मनात सगळ्या कॉलनीचा उद्धार करायचे. ही खोली कुठे उघडायची हे ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी ठरवलं, असं वाटायचं. मग पलीकडून दूधवाली दिसायची, हात वर करून ट्रक थांबवणारी. केंद्रात बायका बाकावर सरकून जागा द्यायच्या. “राज़ीनामे वाली दीदी आई हैं, पहले इनको.” मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. सून बाळाला घेऊन लसीला आलेली असायची. त्या बाळाकडे बघून मला बरं वाटायचं, आणि ह्यांच्या पायाकडे बघून पुन्हा राग यायचा. दोन्ही एकाच बाकावर बसून.

ह्यांच्या पायाची करंगळी गेलीच. तिच्याबद्दल मी अजून कुणाला माफ केलेलं नाही, स्वतःलाही नाही.

गेल्या आठवड्यात नर्सने पट्टी सोडली, नीट पाहिलं, दाबून पाहिलं. “सूख गया, दीदी. पैर बच गया. अब पट्टी की ज़रूरत नहीं.”

मला हुंदका आवरेना. ह्यांनी पाय खाली ठेवला, चप्पल चाचपली आणि हळूच मराठीत म्हणाले, “घे. तुझा राजीनामा मंजूर.”

मी डोळे पुसले आणि रिकामी व्हीलचेअर ढकलत त्यांच्या मागून निघाले.